रोमन कांस्य नाण्यांवरील धार्मिक प्रतिमा आणि गोदावरी खोऱ्यातील सातवाहन नाणी : एक तौलनिक परिचय

गोषवारा

प्राचीन काळातील नाणे हे विनिमयाचे साधन होते, तसेच ते राज्यसत्तेचा विचार सामान्य माणसापर्यंत पोहोचविणारे माध्यमही होते. रोमन साम्राज्यातील कांस्य नाण्यांवर देवदेवता, मंदिरे, वेदी, यज्ञप्रसंग आणि सद्गुणांच्या मूर्ती मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्याच काळात दख्खनमध्ये प्रचलित असलेल्या सातवाहनांच्या शिसे, तांबे व पोटीन या धातूंच्या नाण्यांवर मात्र प्रामुख्याने चिन्हे दिसतात. या दोन परंपरांमधील साम्य व भेद स्पष्ट करणे आणि परभणी जिल्ह्यासारख्या गोदावरी खोऱ्यातील प्रदेशात नाण्यांवरील धार्मिक चिन्हांचे वाचन कसे करावे याविषयी काही विचार मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रस्तावना

परभणी जिल्हा गोदावरीच्या मध्य खोऱ्यात वसलेला आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांना गोदावरीचा काठ लाभला आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, दक्षिणेच्या बाजूस धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, वायव्येस जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि आग्नेयेस तेलंगणातील कोंडापूर अशी सातवाहनकालीन महत्त्वाची स्थळे आहेत. अशा प्रदेशात नांगरटीच्या वेळी, विहीर खोदताना किंवा पांढरीच्या मातीत एखादे जुने नाणे सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. सोन्याचे वा चांदीचे नाणे असेल तर त्याला लगेच किंमत येते. परंतु शिशाचे किंवा पोटीनचे झिजलेले नाणे बहुधा दुर्लक्षित राहते. वस्तुतः सामान्य माणसाच्या हातात दररोज फिरणारे नाणे हेच होते आणि म्हणूनच त्या काळच्या समाजाचा विचार समजून घेण्यासाठी ते अधिक मोलाचे ठरते.

नाण्यावरील चिन्ह दिसताच त्याला 'बौद्ध', 'वैदिक' किंवा 'शैव' असे नाव देण्याची प्रवृत्ती आपल्याकडे आढळते. अशा नावामुळे एखादा राजा, एखादे गाव किंवा संपूर्ण कालखंड एका धर्माच्या खात्यावर जमा होतो. वर्गात शिकविताना केलेले असे विधान विद्यार्थ्यांच्या मनात दीर्घकाळ टिकते व पुढे स्थानिक अस्मितेच्या वादातही ते पुरावा म्हणून वापरले जाते. रोमन कांस्य नाण्यांचा अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक ठरतो. त्या नाण्यांवर प्रतिमेसोबत लेख आहे, त्यांचा काळ बऱ्याच अंशी निश्चित आहे आणि समकालीन लेखकांचे ग्रंथही उपलब्ध आहेत. त्यामुळे धार्मिक प्रतिमा राज्यव्यवहारात कशी वापरली जाते, हे तेथे स्पष्टपणे पाहता येते. ही समज घेऊन आपल्या नाण्यांकडे वळणे उपयुक्त आहे.

रोमन कांस्य चलनाचा विकास

लॅटिन भाषेत 'एस' या शब्दाने तांबे व तांब्याचे मिश्रधातू या दोहोंचाही बोध होतो. नाणकशास्त्रात 'कांस्य नाणी' ही संज्ञा याच व्यापक अर्थाने वापरली जाते. रोममध्ये प्रारंभी ओबडधोबड धातूचे गोळे वजनावर चालत. पुढे बैलासारख्या आकृत्या असलेल्या ओतीव लगडी आल्या आणि इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात वजनदार गोल ओतीव नाणी प्रचारात आली. 'अस' हे त्यातील मूळ नाणे होय. सुरुवातीला त्याचे वजन सुमारे एक रोमन पौंड, म्हणजे अंदाजे ३२४ ग्रॅम होते. एका असाचे बारा भाग असून त्या भागाला 'उन्किया' म्हणत.

या मालिकेतील प्रतिमांची योजना लक्षणीय आहे. असावर द्विमुखी जानुस, अर्ध्या असावर सॅटर्न, एकतृतीयांशावर मिनर्व्हा, चतुर्थांशावर हर्क्युलिस आणि षष्ठांशावर मर्क्युरी अशी प्रत्येक मूल्याला स्वतंत्र देवता दिलेली होती. मागील बाजूस सर्वांवर जहाजाचा पुढील भाग म्हणजे नाळ असे. मूल्य दर्शविण्यासाठी ठिपके किंवा अक्षरे होती. निरक्षर माणसालाही देवतेचे मुख पाहून नाण्याचे मूल्य ओळखता यावे, अशी ही सोय होती. जानुस हा दारांचा व आरंभाचा देव मानला जाई. वर्षाच्या पहिल्या महिन्याचे जानेवारी हे नाव त्याच्यावरूनच आले आहे. मालिकेतील पहिल्या व मुख्य नाण्यावर त्याचे असणे या समजुतीशी सुसंगत दिसते.

टांकसाळीचा संबंधही देवतेशीच होता. रोममधील कॅपिटोल टेकडीवर जुनो मोनेता या देवीचे मंदिर होते व त्याच्या जवळच टांकसाळ होती. 'मोनेता' या नावावरून टांकसाळ आणि चलन या अर्थाचे शब्द अनेक युरोपीय भाषांत रूढ झाले. पुढील काळात तराजू व समृद्धीचे शिंग हाती घेतलेली मोनेता स्वतःच नाण्यांवर अवतरली.

इ. स. पूर्व २११ च्या सुमारास चांदीचे दिनार सुरू झाले आणि कांस्याकडे हळूहळू लहान व्यवहारांचे चलन ही भूमिका आली. ऑगस्टसने इ. स. पूर्व २३ च्या सुमारास या चलनाची पुनर्रचना केली. सेस्टर्स व दुपोंदियस ही नाणी तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून, म्हणजे पितळेतून, तर अस व क्वाड्रन्स ही शुद्ध तांब्यातून पाडली जाऊ लागली. एक सुवर्ण ऑरियस म्हणजे २५ दिनार, १०० सेस्टर्स किंवा ४०० अस असे प्रमाण होते. यांपैकी बऱ्याच नाण्यांवर 'एस. सी.' ही अक्षरे ठळकपणे येतात. 'सेनातुस कोन्सुल्तो', म्हणजे 'सिनेटच्या ठरावाने', असा त्यांचा अर्थ आहे.

सेस्टर्सचा आकार मोठा असून वजन सुमारे २५ ग्रॅम असे. त्यामुळे कलावंताला विस्तृत देखावा कोरण्यास जागा मिळाली. सोने-चांदीच्या लहान नाण्यांवर न मावणारे मंदिराचे दर्शनी रूप, यज्ञाचा प्रसंग किंवा लोकांसमोर भाषण करणारा सम्राट हे विषय सेस्टर्सवर तपशिलाने आलेले दिसतात.

कांस्य नाण्यांवरील धार्मिक प्रतिमांचे प्रकार

(अ) मंदिर व वेदी : कॅलिग्युलाच्या एका प्रसिद्ध सेस्टर्सवर पुढील बाजूस बसलेली 'पिएतास', म्हणजे श्रद्धा व कर्तव्यनिष्ठा यांची मूर्ती आहे. मागील बाजूस दिव्य ऑगस्टसच्या मंदिरासमोर सम्राट स्वतः यज्ञबली अर्पण करीत आहे. नीरोच्या कांस्य नाण्यांवर, इ. स. ६५ ते ६७ च्या सुमारास, बंद दारे असलेले जानुसचे मंदिर दाखविले आहे. युद्धकाळात या मंदिराची दारे उघडी व सर्वत्र शांतता असताना बंद ठेवण्याचा प्रघात होता. भूमीवर आणि समुद्रावर शांतता प्रस्थापित झाल्याने दारे मिटली, अशा आशयाचा लेख नाण्याभोवती आहे. धार्मिक प्रघाताचा येथे राजकीय घोषणेसाठी उपयोग केला गेला आहे. आजच्या फ्रान्समधील ल्यों येथे पाडलेल्या कांस्य नाण्यांवर 'रोम आणि ऑगस्टस' यांच्या वेदीचे चित्र आहे. प्रांतातील प्रजेने सम्राटाविषयी निष्ठा कोठे व्यक्त करावयाची, हे त्या चित्राने सांगितले जाई.

(आ) सद्गुणांच्या मूर्ती : पाक्स म्हणजे शांतता, कोंकोर्दिया म्हणजे ऐक्य, स्पेस म्हणजे आशा, फिदेस म्हणजे विश्वास, सालुस म्हणजे आरोग्य व क्षेम, एक्विटास म्हणजे न्याय्य व्यवहार, अन्नोना म्हणजे धान्यपुरवठा. या सर्व स्त्रीरूपात दाखविल्या जात. प्रत्येकीची खूण ठरलेली होती. फोर्चुना सुकाणू धरते, सालुस सर्पाला खाऊ घालते, एक्विटास तराजू धरते. यांपैकी अनेकींची रोममध्ये प्रत्यक्ष मंदिरे होती व पूजा होत असे. त्यामुळे त्यांना केवळ रूपक म्हणता येत नाही. कॅलिग्युलाच्या आणखी एका सेस्टर्सवर त्याच्या तीन बहिणी सेक्युरितास, कोंकोर्दिया व फोर्चुना या देवतांच्या वेषात दिसतात. हयात व्यक्ती आणि देवता यांमधील सीमारेषा नाण्यावर किती सहज ओलांडली जात होती, याचे हे उदाहरण आहे.

(इ) देवत्वास पोहोचलेले सम्राट : ऑगस्टसच्या मृत्यूनंतर, इ. स. १४ मध्ये, सिनेटने त्याला दिव्यत्व दिले. टायबेरियसने काढलेल्या तांब्याच्या असावर 'दिव्य ऑगस्टस पिता' असा लेख, किरणांचा मुकुट घातलेले मस्तक आणि मागे वेदी आहे. अँटोनायनस पायसची पत्नी फाउस्टिना इ. स. १४० मध्ये निधन पावली. 'दिव्या फाउस्टिना' या नावाने तिची नाणी विपुल प्रमाणात निघाली व त्यांपैकी काहींवर तिचे मंदिर आहे. ते मंदिर रोमच्या फोरममध्ये आजही उभे असून पुढील काळात त्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले.

(ई) प्रांतिक देवता : साम्राज्याच्या पूर्व भागातील शहरे स्वतःची कांस्य नाणी पाडीत. इफेसस आपली आर्टेमिस दाखवी, तर अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर सेरापिस व इसिस या देवता येत. भारताकडे येणाऱ्या जहाजांचा व्यापार अलेक्झांड्रियाच्या मार्गाने चालत असे. तथापि इजिप्तचे चलन त्या प्रांतापुरतेच मर्यादित होते. त्यामुळे सेरापिसची नाणी व्यापाऱ्यांच्या थैलीतून भारतात येण्याचे कारण नव्हते.

(उ) धर्मांतराचा काळ : इ. स. २७४ मध्ये ऑरेलियनने 'अजिंक्य सूर्य' या देवतेची राजकीय पूजा प्रस्थापित केली. कॉन्स्टंटाइनच्या नाण्यांवर हाच सूर्यदेव सम्राटाचा सोबती म्हणून इ. स. ३२५ च्या सुमारापर्यंत येत राहतो. इ. स. ३२७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीने काढलेल्या एका दुर्मिळ नाण्यावर ख्रिस्ताच्या नावाचे आद्याक्षरचिन्ह असलेला ध्वज सर्पाला विद्ध करताना दिसतो. पुढे इ. स. ३५३ च्या सुमारास मॅग्नेन्शियसच्या नाण्यांवर तेच चिन्ह संपूर्ण पृष्ठबाजू व्यापते. कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यानंतरही कित्येक वर्षे नाण्यांवर सूर्यदेव टिकून होता, ही बाब महत्त्वाची आहे. सम्राटाची वैयक्तिक श्रद्धा आणि टांकसाळीची परंपरा या दोन गोष्टी एकाच वेगाने बदलत नाहीत.

सातवाहन नाणी : प्रतिमेऐवजी चिन्ह

सातवाहनांनी शिसे, पोटीन, तांबे आणि काही प्रमाणात चांदी या धातूंची नाणी काढली. पोटीन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचे मिश्रण होय. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे इ. स. १९३९ मध्ये सुमारे १,६०० पोटीन नाण्यांचा साठा मिळाला व वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या नाण्यांवर एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस 'उज्जयिनी चिन्ह', म्हणजे अधिक चिन्हाच्या चारही टोकांना वर्तुळे असलेली आकृती आहे. सातवाहनांच्या इतर नाण्यांवर कमानींचा पर्वत, कठड्यातील वृक्ष, नंदीपद, श्रीवत्स, स्वस्तिक, सिंह, घोडा, बैल व नदीची नागमोडी रेषा ही चिन्हे आढळतात. पूर्व किनाऱ्यावरील नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाजही आहे.

यांतील कमानींच्या आकृतीचा अर्थ हा जुना वादविषय आहे. काही अभ्यासकांनी तिला बौद्ध चैत्य मानले, तर इतरांनी ती पर्वताची, विशेषतः मेरूची, आकृती मानली. ही आकृती सातवाहनांच्या पूर्वी आहत नाण्यांवर येते आणि बौद्ध, जैन व वैदिक अशा निरनिराळ्या परंपरांच्या आश्रयदात्यांच्या नाण्यांवर ती सारखीच वापरली जाते. तेव्हा एकट्या आकृतीवरून राजाचा धर्म ठरविणे युक्त नाही. उज्जयिनी चिन्हाची गोष्टही अशीच आहे. ते माळव्यातील नाण्यांवर प्रामुख्याने आढळते म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याचा मूळ अर्थ कोणताही असो, सातवाहनांच्या नाण्यांवर ते राजमुद्रेसारखे वावरते.

शिलालेखांशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नाणेघाटातील लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे व अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. नाशिकच्या लेणी क्रमांक ३ मधील बलश्रीचा लेख गौतमीपुत्र सातकर्णीला 'एकबम्हण' म्हणतो आणि ती लेणी मात्र बौद्ध भिक्षुसंघाला दान दिलेली आहे. म्हणजे एकाच घराण्याचे लेख वैदिक यज्ञ, वासुदेव-संकर्षणांना वंदन आणि बौद्ध संघाला दान या तिन्ही गोष्टी सांगतात. नाणेघाटात नावाने उल्लेखिलेल्या या देवतांची मूर्तिरूपे सातवाहनांच्या प्रचलित नाण्यांवर येत नाहीत. ज्या घराण्याने देवतांची नावे खडकावर इतक्या स्पष्टपणे कोरली, त्याने नाण्यांसाठी सर्वांना परिचित असलेली सामायिक शुभचिन्हे निवडली. बहुधर्मीय बाजारपेठेत फिरणाऱ्या चलनासाठी ही निवड सोयीची होती, असे अनुमान येथे करता येते.

मूर्तिरूप देवता नाण्यांवर आणण्याची रीत भारतात अज्ञात नव्हती. उत्तरेत विम कडफिसेसच्या तांब्याच्या नाण्यांवर नंदीसह शिव आहे. कनिष्काच्या नाण्यांवर ननाय, मिथ्र, ओएशो आणि बुद्ध यांच्या मूर्ती त्यांच्या नावांसह येतात. कुजुल कडफिसेसने तर तांब्याच्या एका नाण्यावर रोमन सम्राटाच्या मस्तकाचे अनुकरण केले आहे. म्हणजे समकालीन भारतात दोन्ही मार्ग उपलब्ध होते व दख्खनच्या टांकसाळींनी मुख्यतः चिन्हांचा मार्ग स्वीकारला.

चिन्हांचा राजकीय वापर मात्र दख्खनलाही नवा नव्हता. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे इ. स. १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचे मस्तक आणि त्याची वज्र व बाण ही चिन्हे यांवर सातवाहनांचा पर्वत आणि उज्जयिनी चिन्ह उमटले. रोममध्ये कॅलिग्युलाच्या वधानंतर, इ. स. ४३ मध्ये, त्याची प्रतिमा असलेली कांस्य नाणी वितळविण्याचा ठराव सिनेटने केला, असे इतिहासकार डिओ सांगतो. एका ठिकाणी नाणे वितळविले गेले, दुसऱ्या ठिकाणी त्यावर नवा ठसा मारला गेला. दोन्ही प्रसंगी नाण्यावरील चिन्ह हेच सत्तेचे निदर्शक मानले गेले आहे.

रोमन प्रतिमा दख्खनमध्ये कशा आल्या ?

'पेरिप्लस' या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या अंतरावर आणि तगर तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगितले आहे. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनाच्या बदल्यात नफ्याने चालत, तसेच तांबे, कथील व शिसे आयात होत असे, असेही तो ग्रंथ नोंदवितो. प्लिनीने भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो अशी तक्रार केली आहे. येथे सेस्टर्स हे हिशोबाचे एकक आहे. प्रत्यक्षात सेस्टर्सची पितळी नाणी भारताकडे आली नाहीत, सोने व चांदी आली. कांस्य नाण्याचे मूल्य राज्याच्या हमीवर उभे होते आणि साम्राज्याच्या सीमेबाहेर त्याची किंमत धातूपुरतीच उरत असे. शिवाय दख्खनजवळ लहान व्यवहारांसाठी स्वतःचे शिसे व पोटीनचे चलन होते. इ. स. चौथ्या-पाचव्या शतकांतील लहान रोमन कांस्य नाणी तामिळनाडू व श्रीलंका येथे मोठ्या प्रमाणावर मिळतात, परंतु ती या काळाच्या नंतरची आहेत.

कांस्यावरील प्रतिमा आल्या नसल्या तरी रोमन धर्मजीवनाच्या खुणा चांदीवरून येथे पोहोचल्या. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या दिनारांपैकी ऑगस्टसच्या दिनारावर त्याचे नातू गायस व लुसियस ढाली घेऊन उभे असून त्यांच्यावर पुरोहिताची पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी कोरलेली आहे. टायबेरियसच्या दिनारावर 'पोंतिफेक्स माक्सिमुस', म्हणजे 'प्रमुख पुरोहित', ही पदवी आहे. भारतीय व्यापाऱ्याला पळी व काठी यांचा अर्थ कळण्याचे कारण नव्हते. त्याने धातू पारखला, काही नाण्यांवर छेद दिला व काहींना कडी लावून ती गळ्यात घातली.

तेर व कोंडापूर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. त्यांना ओवण्यासाठी कडी किंवा छिद्र असते. नाणे येथे चलन न राहता अलंकार अथवा ताईत झाले. मराठी वाचकाला ही प्रक्रिया अनोळखी वाटू नये. पुतळ्यांच्या माळेतील 'पुतळी' मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे होय. त्याच्या एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूस येशू ख्रिस्त आहे. आपल्या सोनारांनी त्याच्या प्रतिकृती घडविल्या, परंतु पुतळी घालणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ती मंगल अलंकार होती आणि त्यावरील ख्रिस्ती आशयाशी तिचा काही संबंध नव्हता. प्रतिमा प्रवास करते तेव्हा तिचा मूळ अर्थ सोबत येतोच असे नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्य मूर्तीही या संदर्भात लक्षात घ्यावी. हाच देव नेपच्यून या रोमन नावाने अग्रिप्पाच्या तांब्याच्या असावर त्रिशूळ व डॉल्फिन घेऊन उभा आहे. नाण्यावरील हा देव महाराष्ट्रात मूर्तीच्या रूपाने आला. परंतु ती मूर्ती येथे पूजेसाठी होती की हौसेची वस्तू म्हणून, हे तिच्या आकृतीवरून ठरत नाही.

नाण्यावरील चिन्हाच्या वाचनाची पद्धत

वरील विवेचनावरून नाण्यावरील धार्मिक चिन्हाचा अर्थ लावताना पुढील चार प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल.

पहिला प्रश्न, हे चिन्ह याच राजाचे आहे की पूर्वपरंपरेतून आले आहे ? पर्वताची आकृती हे याचे उदाहरण आहे. दुसरा प्रश्न, नाण्यावरील लेख त्या चिन्हाविषयी काही सांगतो काय ? रोमन नाण्यांवर देवतेचे नाव बहुधा असते, सातवाहन नाण्यांवर केवळ राजाचे नाव असते. लेख नसताना नाव देण्याची जबाबदारी अभ्यासकावर येते व ती सावधपणे पार पाडली पाहिजे. तिसरा प्रश्न, त्याच राजाचे शिलालेख काय सांगतात ? दोन्ही पुरावे जुळत नसतील तर ती विसंगतीच अभ्यासाचा विषय असते. चौथा प्रश्न, नाणे कोणत्या वस्तूंसोबत व कोणत्या थरात सापडले ? संदर्भ हरवलेले नाणे काळाविषयी व वापराविषयी फारच थोडे बोलते.

हैदराबाद संस्थानच्या हाली सिक्क्याचे उदाहरण वर्गात देता येईल. मराठवाड्यातील जुन्या पिढीने वापरलेल्या या नाण्यांवर चारमिनार कोरलेला होता. ती वास्तू नाण्यावर राजधानीची आणि राज्याची खूण म्हणून आली होती. परभणीच्या बाजारात हे नाणे सर्व धर्मांच्या लोकांच्या हातून फिरले. दोन हजार वर्षांनंतरच्या एखाद्या अभ्यासकाने केवळ मिनार पाहून त्या नाण्याच्या वापरकर्त्यांचा धर्म ठरविला, तर त्याचे अनुमान चुकेल. कमानींच्या पर्वताला पाहून आपण तशीच घाई करीत नाही ना, हे विद्यार्थ्यांना या उदाहरणाने सहज पटविता येते.

जतन व नोंदणी : महाविद्यालयांची भूमिका

इ. स. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची माहिती शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. इ. स. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते व ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. ग्रामीण भागात या तरतुदींची माहिती कमी आणि भीती अधिक असते. त्यामुळे सापडलेले नाणे मोडीत जाते किंवा गुपचूप विकले जाते. इतिहास विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांनी शिबिरांच्या निमित्ताने ही माहिती गावोगावी पोहोचविल्यास ही हानी काही अंशी टळू शकेल.

जतनाच्या बाबतीत काही साध्या गोष्टी पाळता येतात. तांब्याच्या व कांस्याच्या नाण्यावरील हिरवा थर चिंच, लिंबू किंवा राख लावून घासू नये. त्या थरातच अनेकदा ठशाचे तपशील टिकून राहिलेले असतात. शिशाचे नाणे लाकडी पेटीत किंवा साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते व नाणे खंगत जाते. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि सापडल्याचे ठिकाण यांची नोंद वहीत असावी. नाशिकजवळील अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे आणि तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन वस्तूंचा समृद्ध संग्रह आहे. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अभ्याससहलींसाठी तेर हे सोयीचे ठिकाण ठरेल.

निष्कर्ष

१) रोमन कांस्य नाण्यांवरील धार्मिक प्रतिमा श्रद्धेच्या निदर्शक होत्या, तसेच शांतता, वारसा, निष्ठा आणि विजय यांविषयीच्या राजकीय घोषणाही त्यांतून केल्या जात.

२) सातवाहनांनी शिलालेखांत देवतांचा नावानिशी उल्लेख केला, परंतु चलनासाठी मुख्यतः सामायिक शुभचिन्हे वापरली. त्यामुळे केवळ नाण्यावरून राजाचा किंवा प्रजेचा धर्म ठरविणे शास्त्रीय नाही.

३) रोमन कांस्य नाणी सातवाहनकालीन दख्खनमध्ये चलन म्हणून आली नाहीत. रोमन प्रतिमा सोने-चांदीची नाणी, मातीच्या प्रतिकृती व मूर्ती यांच्या रूपाने आल्या आणि येथे त्यांना नवे अर्थ मिळाले.

४) कमी किमतीच्या धातूची नाणी सामान्य जनजीवनाचा महत्त्वाचा पुरावा असून त्यांचा संदर्भ टिकविण्याचे काम स्थानिक पातळीवरच होऊ शकते.

गोदावरीकाठच्या शेतात सापडणारे शिशाचे नाणे विद्यार्थी शिक्षकांकडे घेऊन येतो, त्या वेळी 'हे कोणत्या धर्माचे ?' या प्रश्नाच्या आधी 'हे कोठे, किती खोल आणि कशासोबत सापडले ?' हा प्रश्न विचारला जावा. त्याचे उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवले, तर पुढील अभ्यासकाला चिन्हाच्या अर्थाचा विचार करण्यासाठी विश्वसनीय आधार मिळेल.